पंधराशे तीस रुपये परत मिळवताना

मु. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना
दि. ११ फेब्रुवारी २००९

श्रीयुत रायभानराव यांच्या चरणी केदारखेड्याहून भुजंगाचा रामराम. (तू माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा आहेस म्हणून चरण लिहिले. हा मान तुझ्या वयाला आहे, अकलेला नाही, ते पुढे कळेलच.) तुझी साखर आता किती असते? डावा गुडघा नाशिकच्या थंडीत काय म्हणतो? आसरावहिनींना नमस्कार, मुलाला आणि सूनबाईंना आशीर्वाद, नातवाच्या पाठीवर माझ्या नावाने एक हलकी थाप. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. वास्तविक माझी कंबर, माझी झोप आणि माझं लग्न या तिन्ही गोष्टी सध्या धड नाहीत, आणि त्यातली तिसरी बऱ्याच अंशी तुझ्यामुळे धड नाही.

तू म्हणशील की आता सगळ्यांच्या खिशात फोन असताना याला पत्र लिहायची काय हौस. हौस नाही रे बाबा. घरात फोन एकच, आणि त्याला रेंज येते फक्त चुलीच्या शेजारच्या खिडकीत. तिथे उभं राहून तुझ्याशी हे बोलायचं म्हणजे तुझ्या दुर्गावहिनींना पिठाच्या परातीसमोर बसवून कीर्तन ऐकवायचं. आणि हे सगळं तिच्याचविषयी आहे. आज तेरावा दिवस आहे, दुर्गाबाई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जेवायला वाढते, अंघोळीचं पाणी काढते, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या वाटीत ठेवते, सगळं बराबर वेळेवर. बोलते मात्र म्हशीशी. "भाकर झाली म्हणावं, थंड व्हायच्या आत खाय म्हणावं," असं म्हशीला सांगते, आणि मी ओसरीवरून उठून मुकाट आत जातो. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो पुष्कळ, पण असं कधी झालं नव्हतं. भांडण परवडतं. ही शांतता मला सोसत नाही, हे मी तुला सरळच लिहून टाकतो. म्हातारपणी माणसाला दुसरं काय लागतं? कोणीतरी आपल्या नावाने ओरडणारं लागतं.

आता हे कशामुळे झालं ते ऐक. पंधराशे तीस रुपयांमुळे झालं.

तुला माहीत आहे, मी २००६ च्या मे महिन्यात निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधीचे सहा लाख चौऱ्यांशी हजार डिसेंबरात हाती पडले. (मधले सहा महिने मी पंचायत समितीच्या पायऱ्या इतक्या वेळा चढलो की तिथला शिपाई मला नवीन बदलून आलेला बाबू समजून चहा आणून द्यायला लागला.) त्यातले चौऱ्यांशी हजार घरावर स्लॅब टाकायला गेले आणि सहा लाख बँकेत मुदतीने ठेवले. मार्चअखेर बँकेने व्याजातून पंधराशे तीस रुपये कर कापून घेतला. मी विचारायला गेलो तर तिथले साहेब म्हणाले, तुमचं उत्पन्न कराइतकं नाही, आयकराचं विवरणपत्र भरा, पैसे परत मिळतील. तेवढ्यावर सोडून दिलं असतं तर आज मी सुखाने शेंगा फोडत बसलो असतो. पण छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेला माणूस आहे मी. हक्काचा पैसा मी सोडत नाही.

भोकरदनला आपल्या मच्छिंद्रचं कॉम्प्युटर सेंटर आहे, आडत दुकानाच्या माडीवर. मच्छिंद्र म्हणजे ८१ साली माझ्याकडे चौथीत होता तो, कायम नाक ओढणारा. आता त्याचंच पोरगं दहावीला आहे. त्याच्याकडे कर भरायचं सॉफ्टवेअर आहे. म्हणजे असं, की पडद्यावर एकामागून एक रकाने येतात, आपण आकडे सांगायचे, तो टाकतो आणि बेरीज वजाबाकी यंत्र करतं. मला फार आवडलं. वाटलं, हे तर आपलंच काम, फक्त फूटपट्टी आणि कार्बन कागद तेवढे गेले. अडचण एवढीच झाली की रकाने पाहिल्यावर माझ्यातला मुख्याध्यापक जागा झाला.

रायभान, तू आणि मी जन्मभर पत्रकं भरली. रकाना रिकामा सोडायचा नाही, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, ते आपल्या हाडात शिरलं. माहिती असेल तर माहिती लिहा, नसेल तर 'निरंक' लिहा, पण जागा मोकळी दिसता कामा नये. तुला आठवतं का, एकदा विस्तार अधिकाऱ्यांनी माझं वार्षिक पत्रक हसनाबादच्या बैठकीत सगळ्यांसमोर परत केलं होतं, कारण 'शाळेच्या मालकीची जनावरे' या रकान्यात मी निरंक न लिहिता नुसती रेघ ओढली होती. त्या दिवसापासून मी रेघसुद्धा ओढत नाही. तर मच्छिंद्रच्या पडद्यावर एक रकाना आला, त्यात निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम विचारली होती. मी म्हणालो, लिही, सहा लाख चौऱ्यांशी हजार. पुढे इतर मार्गांनी मिळालेल्या रकमांचं पान आलं, त्यात निधीतून काढलेली रक्कम असा एक रकाना. मी म्हणालो, लिही, सहा लाख चौऱ्यांशी हजार. त्यापुढे करमुक्त रक्कम. लिही, सहा लाख चौऱ्यांशी हजार. तूच सांग, यात खोटं काय होतं? पैसे निवृत्तीच्या वेळी मिळाले हे खरं, निधीतून काढले हे खरं आणि करमुक्त आहेत हेही खरं. तिन्ही ठिकाणी खरंच होतं. खरं तीनदा सांगितलं म्हणजे ते जास्त पक्कं होतं असा माझा समज.

मच्छिंद्र एकदा चाचरत म्हणाला, "गुरुजी, मला वाटतं हे दोन रिकामे सोडायचे असतेत." मी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बस. छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस तो, भोकरदनच्या व्यापाऱ्यांचे हिशेब करतो, पण माझी नजर पाहिली आणि त्याचा हात आपोआप कीबोर्डावर गेला. (चौथीत मी त्याला एकदा याच कारणासाठी बाकावर उभं केलं होतं म्हणे. मला आठवत नाही, त्याला आठवतं.) मी म्हणालो, मग निरंक लिही. तो म्हणाला, यात अक्षर जात नाही, आकडाच लागतो. मग आकडाच टाकला. शेवटी पडद्यावर लाल रंगात काहीतरी उमटलं. माझं निम्मं आयुष्य लाल शाईने वह्या तपासण्यात गेलं, मला वाटलं, वा, यंत्राने लगेच तपासूनही टाकलं. मच्छिंद्रने खाली मान घालून छापायची कळ दाबली. मी सही केली, पोच घेतली, फायलीत लावली आणि खाली येऊन स्वतःच्या पैशाने दोघांना भजी सांगितली. तेव्हा माझ्याइतका समाधानी माणूस साऱ्या भोकरदन तालुक्यात नसेल.

सव्वा वर्ष काही नाही. मग गेल्या ऑक्टोबरात आपला पोस्टमन कचरू रजिस्टर घेऊन आला. इंग्रजीत होतं, पण आकडा कोणालाही वाचता येतो. माझं एका वर्षाचं उत्पन्न चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार, आणि त्यावर व्याजासह चार लाख एकोणसत्तर हजार रुपये कर भरावा. मी ते तीनदा वाचलं. कचरूने पाठीमागून एकदाच वाचलं आणि चौकात पोहोचेपर्यंत त्याला दम निघाला नाही. संध्याकाळपर्यंत गावात झालं की मास्तरकडे चौदा लाख निघाले. 'निघाले' हा शब्द बघ, जसे काही घर उकरून काढले. दुसऱ्या दिवशी मंदिराची कमिटी कळसासाठी आली. तिसऱ्या दिवशी चुलत भाऊ धर्मराज, ज्याने बांधाच्या वादापायी सात वर्षं माझ्याकडे तोंड केलं नव्हतं, तो "दादा, चहा पाजता का?" म्हणत येऊन बसला. मी त्याला नोटीस दाखवून म्हणालो, अरे, हे मला द्यायचे आहेत, मिळालेले नाहीत. तो म्हणाला, "इतके द्यायला लावतेत म्हंजी किती आसतील!" चहा पाजला.

आणि त्या दिवसांत दुर्गाबाई कशी वागली ते तुला सांगितलंच पाहिजे, म्हणजे आता माझ्या जिवाला काय होतंय ते कळेल. मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तिने पेटीतून आपली सोन्याची पोत काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "ही घ्या. आन् भिऊ नका. आपण काय चोरी केली न्हाई, मंग कशाला भ्यायचं? जालन्याला जा, साहेबाला जल्दी भेटा, खरं हाय ते सांगा." तिचा हा विश्वास ऐकून मी तिला हात जोडले. ते कृतज्ञतेचे होते असं ती समजली. निम्मे होते.

जालन्याला गेलो. साहेब म्हणजे तिशीतल्या एक बाई निघाल्या, फार सालस. त्यांनी माझं विवरणपत्र काढून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग हसू दाबून पाणी मागवलं. म्हणाल्या, गुरुजी, पैसा किती वेळा आला? मी म्हणालो, एकदा. मग तीन वेळा का दाखवलात? मी रकान्यांची हकीकत सांगितली. त्यांनी एका कागदावर समजावून दिलं. भविष्य निर्वाह निधीचा पैसा करमुक्त, तो फक्त करमुक्तच्या रकान्यात दाखवायचा. यंत्राला माणूस ओळखू येत नाही, ज्या रकान्यात टाकाल त्या जातीचा तो पैसा समजतं. पगाराच्या पानावर टाकला की पगार, दुसऱ्या पानावर टाकला की आणखी उत्पन्न, आणि दोन्हींची बेरीज. सुधारित विवरणपत्र भरा आणि बाकीचे रकाने सोडून द्या. मी विचारलं, सोडून द्यायचे? त्या म्हणाल्या, हो. मी म्हणालो, म्हणजे रिकामे? हो. काहीच न लिहिता? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, गुरुजी, रिकाम्या रकान्याबद्दल सरकारने आजवर कोणाला शिक्षा केलेली नाही. रायभान, छत्तीस वर्षं आपण कोणाला भीत होतो?

बाईंनी एकच कागद मागितला. हा पैसा खरोखर निधीचा आहे याचा पुरावा म्हणून निधीचा पूर्ण खातेउतारा जोडा म्हणाल्या. पंचायत समितीत पुंजाराम म्हणून लिपिक आहे, भला माणूस, माझ्याच शाळेचा. त्याने जुने गठ्ठे उपसून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा उतारा सुवाच्य मराठीत तयार केला, शिक्का मारला आणि "गुरुजींचं काम हाय, काही सोडलं न्हाई," असं म्हणून माझ्या हातात दिला. काही म्हणजे काहीच सोडलं नव्हतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, जिथे डोळा आधी जातो तिथेच, लिहिलेलं होतं: १४ ऑक्टोबर १९९३, नापरतावा, रुपये तीस हजार, कारण मुलीचे लग्न.

आता तरी तुला उचकी लागली असेल. नापरतावा म्हणजे निधीतून काढलेली आणि पुन्हा भरायची नसलेली रक्कम, हे तुला काय सांगायचं, अर्ज तूच लिहिलास. तुझं अक्षर चांगलं म्हणून. मी म्हणत होतो घरबांधणी लिही. तू म्हणालास, घरबांधणीला नकाशा जोडावा लागतो, आजाराला डॉक्टरचा दाखला, मुलीच्या लग्नाला कोणी काही मागत नाही, उलट साहेब पेढे मागतो. आणि खरंच मागितले. आपण दोघांनी जाऊन पावशेर पेढे वाटले, माझ्या तिसरीतल्या मुलीच्या लग्नाचे. गोजर त्या वेळी शाळेच्या पटांगणात लगोरी खेळत होती. आणि ते तीस हजार मी तुझ्या हातात दिले, कारण तू त्या सागवानवाल्या कंपनीचा एजंट झाला होतास. (कंपनीचं नाव लिहीत नाही, कागदाला लाज वाटेल.) हजार रुपयाला एक झाड, वीस वर्षांनी एका झाडाचे लाख. मला तीस झाडांचा दाखला मिळाला, प्रत्येकाला नंबर. मी काही दिवस ते नंबर पाढ्यासारखे म्हणत असे. मग ९८ साली आपण दोघं दोन एसट्या बदलून झाडं पाहायला गेलो. माळावर पाटी होती, झाडं नव्हती. पाटी तेवढी सागाची होती. तुझेही दहा हजार बुडाले होते म्हणून मी तुला तेव्हा बोललो नाही, आणि परतीच्या गाडीत तू रडलास म्हणून नंतरही बोललो नाही.

पण दुर्गाबाईला मी काय सांगितलं होतं ते तुला माहीत नाही. त्याच वर्षी घरावरचे पत्रे चार ठिकाणी गळायला लागले होते. ती म्हणाली, तुमच्या त्या फंडातून काढा आन् स्लॅब टाका. मी म्हणालो, फंड सरकारी कुलपात असतो, निवृत्तीशिवाय एक पैसा निघत नाही. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं. तिने विश्वास ठेवला. तो पावसाळा धरून चौदा पावसाळे तिने परात, पातेलं, घमेलं आणि बादली अशा चार भांड्यांवर काढले, कुठलं भांडं कुठे मांडायचं हे तिला न बघता कळायचं. एकदाही मला टोचून बोलली नाही. 'सरकारी कुलूप हाय, हे तरी काय करतील,' असं शेजारणीला सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आणि गोजरचं खरं लग्न आलं २००५ साली, तेव्हा कारण आधीच वापरून झालं होतं. एकाच मुलीचं लग्न दोनदा कसं लावणार? म्हणून मी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि दुर्गाबाईला म्हणालो, बघ, कुलूप अजून बंदच आहे.

तर मी तो उतारा डब्याच्या पिशवीत तळाशी घातला. ठरवलं होतं की जेवण झाल्यावर काढून पेटीत ठेवू. माझ्या लक्षात राहिलं नाही की ९४ साली साक्षरता अभियानात गावचा प्रौढ वर्ग मीच चालवला होता, आणि पहिला नंबर दुर्गाबाईचा आला होता. तिने डबा काढला, कागद काढला आणि चुलीपाशी बसून ओळीवर बोट ठेवून वाचला. मी बाहेर हात धूत होतो. ती दारात आली. म्हणाली, "त्र्याण्णव साली मुलीचं लगीन. कोन्त्या मुलीचं?" मी पाणी प्यालो. ती म्हणाली, "आपली गोजर तवा तिसरीत व्हती." मी आणखी पाणी प्यालो. ती आत गेली. तो तिचा माझ्याशी शेवटचा शब्द. दुसऱ्या दिवशी म्हशीला म्हणत होती, "लग्नाआधी चार वर्षं अंतरवाली सराटीला एकलेच व्हते ग बाई. कोन जाणे."

म्हणजे तिच्या मनात काय आलं ते तुला कळलं. एक खोली, एक बाई, आणि ९३ साली लग्नाला आलेली एक पोरगी. मी अंतरवालीला नोकरीला होतो तेव्हा मारुतीच्या मागच्या खोलीत राहत होतो, रोज पिठलं करत होतो आणि तेही करपत होतं. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला या संशयाचं थोडं बरंही वाटलं. एकसष्टाव्या वर्षी कोणाला तरी आपल्याविषयी असं वाटू शकतं! आरशात पाहून केस सारखे केले. तिसऱ्या दिवसापासून ते गेलं. आता नुसता थकवा आहे. खरं सांगावं तर मी मूर्ख ठरतो, आणि मूर्ख ठरायला माझी ना नाही, ते मी आहेच. पण ती चार भांडी आठवतात आणि तोंड उघडत नाही. तीस हजारात तेव्हा स्लॅब पडला असता रे.

विवरणपत्राचं म्हणशील तर ते मिटलं. दोन तारखेला मच्छिंद्रकडे गेलो. तो रकाने रिकामे ठेवत पुढे चालला तसा माझ्या कपाळाला घाम फुटायला लागला. शेवटी तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या, तवर मी रिकामं सोडून टाकतो." मी खाली गेलो. वर आलो तेव्हा निधीचा पैसा एकाच ठिकाणी, करमुक्तमध्ये, बसलेला होता, कर शून्य होता, आणि परतावा पंधराशे तीस. परवा जालन्याला जाऊन उतारा आणि पोच दिली. बाईंनी तपासून सांगितलं, मागणी रद्द होईल, निश्चिंत राहा. तीस हजारांच्या त्या ओळीवर त्यांची नजर गेली. त्या म्हणाल्या, मुलगी सुखात आहे ना? मी हो म्हणालो. आतापर्यंत बसभाडं, झेरॉक्स, मच्छिंद्र, भजी आणि पुंजारामचे पेढे मिळून बावीसशे चाळीस रुपये खर्चा झाला आहे.

सरकार सुटलं, घर राहिलं. मी बसमध्ये पुष्कळ विचार केला. त्या बाईंचं खरं आहे. पैसा जिथला असेल तिथे एकदाच दाखवावा. मी तीस हजार मुलीच्या लग्नात दाखवले, दुर्गाबाईपुढे कुलपात दाखवले, आणि होते ते माळावर. आता सुधारित पत्रक तिच्यापुढेही भरलंच पाहिजे. माझं ठरलं आहे. या आठवड्यात, ती म्हशीपाशी असतानाच, मी जाऊन जे आहे ते सांगणार आहे. खोट्याचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. तुझ्यावर राग नाही. तुझा पत्ता तेवढा राहिला आहे, बाकीचे आपल्या बॅचचे सोबती भिंतीवर हारात आहेत. तब्येतीला जप, गोड खाऊ नकोस, वहिनींचं ऐकत जा.

तुझा थकलेला,
भुजंग

ता. क. वरचं सगळं लिहून झाल्यावर एक वेगळा विचार आला. तू रविवारच्या गाडीने इकडे ये. दुर्गाबाईच्या समोर बस, चहा घे आणि सहज म्हण की ९३ साली तुझ्या मुलीच्या, कडूच्या लग्नाला तू अडला होतास, आणि भुजंगाने फंडातून तीस हजार काढून दिले, कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. म्हणजे 'मुलीचे लग्न' हेही खरं ठरतं, आणि मी मूर्ख न ठरता मोठ्या मनाचा ठरतो. कडूचं लग्न त्याच सुमारास झालं होतं, वर्षाचा काय तो थोडा फरक असेल, एवढं कोण बघतं. सागवानाचा शब्द काढू नकोस. जाण्यायेण्याचं भाडं मी देईन, पंधराशे तीस येणारच आहेत.

ता. क. २. बोलताना डोळ्यात थोडं पाणी आण. तुला ते जमतं, मी एसटीत पाहिलं आहे.

(पानाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात)

रायभान भाऊजींना दुर्गाबाईचा नमस्कार. यांनी पाकिटाला खळ लावून चुलीपाशी वाळत ठेवलं व्हतं. वली व्हती तवर उघडलं. सगळं वाचलं, दोन टाइम.

तुम्ही दोघं झाडं बघून आले त्याच हप्त्यात आसराबाईनं मला सागवानाचं सांगितलं व्हतं. ती तुमच्यावर रडत आल्ती. तवापासून मला माहीत हाय. झाडांचा दाखला पेटीत ज्वारीच्या कोथळीखाली ठेवलेला हाय तेबी माहीत हाय, मीच दरसाल त्याला ऊन दाखवते. पत्रे गळाले तवा वाटायचं, आज सांगतील. मंग स्लॅब पडला तवा वाटलं, आता तर सांगतील. कागद हाती आला म्हणून म्या इचारलं, कोन्त्या मुलीचं लगीन. आता तरी तोंड उघडायला जागा व्हावी म्हणून इचारलं, तर पाणी पीत बसले. अंतरवालीचं मी म्हशीला उगीच म्हणले. यांना एक पिठलं धड करता येत न्हाई, दुसरं घर काय करतील.

भाऊजी, तुम्ही बिलकुल यायचं न्हाई. तुमच्या कडूचं लगीन एक्याण्णवला झालं, मी तीन दिवस आधी येऊन बुंदी पाडली व्हती. तुम्ही आले आन् खोटं बोलले तर मला तुमच्या तोंडावर बोलावं लागंल, आन् खरं बोलले तर यांचं सांगायचं ऱ्हाऊन जाईल. पैशाचं मला काही वाटत न्हाई. माझ्यापाशी बसून त्यांनी आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच पाहिजे. मी वाचलं ते कळवू नका.

ज्या दिशी सांगतील त्या दिशी पुरण घालायचं ठरवलं हाय. डाळ आनून ठेवली. किडायच्या आत बोलले म्हंजी बरं.